सातशे पंधरावा

१९७३ सालचा बेसबॉलचा हंगाम संपला, तेव्हा हँक ॲरनच्या नावावर ७१३ होमरन जमा होते. बेब रूथचे होते ७१४. विक्रमाच्या बरोबरीला एक फटका आणि तो मोडायला आणखी एक, एवढंच काय ते उरलं होतं. पण सप्टेंबर संपला आणि हंगामही संपला, त्यामुळे एप्रिल उजाडेपर्यंत वाट पाहणं भाग होतं. एकोणचाळिशीतल्या खेळाडूला सहा महिन्यांचा खंड जड जातोच, पण ॲरनला काळजी होती ती वेगळीच. पुढचा हंगाम बघायला आपण जिवंत असू की नाही, याचीच त्याला खात्री वाटत नव्हती. त्याने हे पत्रकारांना उघडपणे सांगितलंही होतं.

त्याला पत्रं येत होती. त्या एका वर्षात अमेरिकी टपाल खात्याच्या हिशेबाने सुमारे ९,३०,००० पत्रं त्याच्या नावाने आली. राजकारणाबाहेरच्या कोणाही माणसाला तेवढी पत्रं आली नव्हती, म्हणून टपाल खात्याने त्याला एक मानपत्रही दिलं. टपालाचा हा डोंगर उपसण्यासाठी कार्ला कोपलिन ही चिटणीस नेमावी लागली. शाळकरी मुलं त्याची सही मागत, म्हातारी माणसं आशीर्वाद देत. पण हजारो पत्रं अशी होती की ती वाचणाऱ्याचा हात थरथरावा. कृष्णवर्णीय माणसाने रूथच्या आकड्याला हात लावायचा नाही, लावलास तर गोळी घालू, असा त्यांचा मजकूर असे. काहींत तर कोणत्या मैदानावर, कोणत्या सामन्यात, हेसुद्धा लिहिलेलं असे. अशा पत्रांची बातमी छापून आली तेव्हा लोकांना लाज वाटली आणि पाठिंब्याच्या पत्रांचा पूर लोटला. पण धमक्या काही थांबल्या नाहीत.

आपल्याकडच्या वाचकाला होमरनचं मोल थोडक्यात सांगायला हवं. बॅटरने मारलेला चेंडू हवेतून थेट कुंपणापलीकडे गेला की होमरन. दिसायला तो आपल्या षटकारासारखाच, पण फार दुर्मीळ. मोसमात दीडशेहून जास्त सामने खेळून चाळीस होमरन ठोकणारा खेळाडू तिथे थोर गणला जातो. बेब रूथने १९२७ साली साठ मारले. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमला लोक रूथने बांधलेलं घर म्हणत, इतकी गर्दी तो खेचायचा. त्याचे शेवटचे तीन होमरन एकाच दिवशी आले, २५ मे १९३५ रोजी, पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर. त्याच दुपारी मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या मैदानावर धावपटू जेसी ओवेन्सने पाऊण तासात तीन विश्वविक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. अमेरिकी खेळांच्या इतिहासात इतकी भरगच्च तारीख दुसरी सापडणं कठीण.

पिट्सबर्गला रूथ खेळला तो बोस्टन ब्रेव्ह्जकडून. हाच संघ पुढे १९५३ साली मिलवॉकीला गेला, १९६६ मध्ये अटलांटाला आला आणि तिथे ॲरन त्याचा आधारस्तंभ झाला. म्हणजे ७१४ हा आकडा एका ब्रेव्ह्ज खेळाडूने गाठला आणि दुसऱ्याने ओलांडला. पण रूथ खेळत होता त्या काळात मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर, एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्यांना दारच बंद होतं. ते दार १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सच्या जॅकी रॉबिन्सनने उघडलं. रूथच्या विक्रमाला पवित्र मानणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही गोष्ट आठवत असे.

हँक म्हणजेच हेन्री ॲरनचा जन्म ५ फेब्रुवारी १९३४ चा, अलाबामातल्या मोबील या बंदराच्या गावी. वडील हर्बर्ट गोदीत काम करायचे. घरात खायला पुरेसं नसे, तिथे बॅट कुठली येणार? पोरगं झाडूच्या दांड्याने बाटल्यांची बुचं टोलवायचं. त्याची पकडही उलटी होती. उजव्या हाताने खेळणारा बॅटर उजवा हात वर धरतो, हा डावा हात वर धरायचा. कोणी शिकवलंच नव्हतं. १९४८ मध्ये रॉबिन्सन मोबीलला भाषणाला आला, तेव्हा चौदा वर्षांचा हेन्री शाळा बुडवून ऐकायला गेला आणि त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात बेसबॉलखेरीज काही राहिलं नाही.

१९५२ मध्ये तो इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या संघाबरोबर निघाला. खिशात दोन डॉलर होते आणि आईने बांधून दिलेली दोन सँडविचेस. वॉशिंग्टनला पावसाने खेळ खोळंबला, म्हणून संघ स्टेडियममागच्या एका उपाहारगृहात न्याहारीला बसला. खाणं झालं आणि आत स्वयंपाकघरातून खळखळ आवाज येऊ लागला. या खेळाडूंनी ज्या बशांत खाल्लं होतं त्या आत फोडल्या जात होत्या. अठरा वर्षांच्या ॲरनने तो आवाज ऐकला, तोही देशाच्या राजधानीत. आयुष्यभर तो आवाज त्याच्या कानांतून गेला नाही.

त्याच वर्षी ब्रेव्ह्जने त्याला १०,००० डॉलरना विकत घेतलं. पुढच्या वर्षी त्याला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला पाठवलं, साउथ अटलांटिक लीगमध्ये. दक्षिणेतल्या या लीगमध्ये तोवर गोरे खेळाडूच खेळत. वर्णभेदाची ही भिंत ज्या पाच खेळाडूंनी पाडली त्यांत ॲरन, फेलिक्स मांतिया आणि होरेस गार्नर हे तिघे जॅक्सनव्हिलचे होते. गोरे सहकारी हॉटेलात उतरत आणि हे तिघे गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे. जेवणासाठी बस थांबली की हे बसमध्येच बसून राहत, कोणीतरी आतून पुडकं आणून देई. गॅलरीतून शिव्या यायच्या, वस्तूही फेकल्या जायच्या. त्या हंगामात ॲरनने ०.३६२ ची सरासरी राखली, त्याच्या फटक्यांवर संघाला १२५ धावा मिळाल्या आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हाच्या एका क्रीडा पत्रकाराने लिहिलं की हेन्री ॲरन लीगमध्ये सगळ्यात पहिला होता, फक्त हॉटेलात खोली मिळण्याच्या बाबतीत तेवढा नव्हता.

१९५४ च्या सरावात ब्रेव्ह्जच्या बॉबी थॉमसनचा घोटा मोडला. त्याच्या जागी वीस वर्षांचा ॲरन उभा राहिला आणि पुढची तेवीस वर्षं मेजर लीग सोडून गेला नाही. २३ एप्रिल १९५४ ला सेंट लुइसमध्ये व्हिक रॅस्चीच्या चेंडूवर त्याने पहिला होमरन मारला. तेव्हा रूथचं नाव कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. १९५७ मध्ये ब्रेव्ह्जनी यँकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली आणि ॲरन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्याचं मोठेपण ओळखायला जगाला वेळ लागला, कारण त्याच्या खेळात नाटक नव्हतं. त्याच्या काळचा दुसरा मोठा खेळाडू विली मेझ धावताना डोक्यावरची टोपी उडायची आणि प्रेक्षक वेडे व्हायचे. ॲरन बॅटिंगला निघाला की फिरायला निघाल्यासारखा वाटे. पण त्याची मनगटं विलक्षण वेगवान होती. चेंडू पार कॅचरच्या हातात पडणार असं वाटत असताना बॅट फिरायची. त्याच्यासमोरून वेगवान चेंडू सटकवणं म्हणजे कोंबड्याच्या नकळत सूर्य उगवण्यासारखं आहे, असं पिचर मंडळींत बोललं जाई. एका मोसमात त्याने पन्नास होमरन कधीच मारले नाहीत. सर्वाधिक ४७, तेही १९७१ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. त्याच्या पाठीवर ४४ आकडा असे आणि चार वेगवेगळ्या मोसमांत त्याचे होमरन बरोबर ४४ झाले. चाळीस, चव्वेचाळीस, एकोणचाळीस, असं वर्षामागून वर्ष साचत गेलं आणि १९७० च्या सुमारास लोकांनी बेरीज केली तेव्हा ते चमकले.

ऑक्टोबर १९७२ मध्ये जॅकी रॉबिन्सन वारला, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. अंत्यविधीला तरुण खेळाडू किती थोडे आले, हे ॲरनच्या मनाला लागलं. ज्याने दार उघडलं त्याला लोक इतक्या लवकर विसरत असतील तर आपण हा विक्रम मोडलाच पाहिजे, असा त्याचा निश्चय झाला. पुढे तो हे पुन्हा पुन्हा सांगत असे. १९७३ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्याने ४० होमरन मारले. त्या वयात तेवढे तोवर कोणीच मारले नव्हते.

आणि अटलांटा? मला यातलं सर्वांत बोचतं ते हे. घरच्या मैदानावर, १७ सप्टेंबर १९७३ च्या संध्याकाळी त्याने ७११ वा होमरन मारला, तेव्हा पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये दीड हजारही माणसं नव्हती. मार्टिन ल्यूथर किंगच्या गावी, अमेरिकी खेळांतला सर्वांत मोठा विक्रम दृष्टिपथात आलेला असताना, खुर्च्या रिकाम्या होत्या. संघ हरत होता हे खरं, पण तेवढ्याने ते रितेपण समजत नाही.

दरम्यान ॲरनचं आयुष्य कैद्यासारखं झालं होतं. अटलांटा पोलिसांतला कॅल्व्हिन वॉर्डलॉ अंगरक्षक म्हणून त्याच्याबरोबर असे. सामन्याच्या वेळी तो गॅलरीत बसायचा, मांडीवर दुर्बिणीची पिशवी आणि पिशवीत पिस्तूल. दौऱ्यावर ॲरनच्या नावाने संघाच्या हॉटेलात खोली असायची, प्रत्यक्षात तो दुसरीकडेच टोपणनावाने उतरायचा. स्टेडियममधून मागच्या दाराने ये-जा. थोरली मुलगी गेल नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात शिकत होती. तिला पळवून नेण्याच्या धमक्या आल्या आणि एफबीआयला लक्ष घालावं लागलं. एकदा लाल कोट घातलेला माणूस आज गोळी घालणार, असं पत्र आलं. ॲरनने डस्टी बेकर आणि राल्फ गार या तरुण सहकाऱ्यांना सांगितलं की आज माझ्याशेजारी बसू नका. दोघे त्याला चिकटूनच बसले. सामनाभर त्यांची नजर खेळाऐवजी गॅलरीत लाल कोट शोधत होती, असं बेकरने पुढे सांगितलं.

रूथची विधवा पत्नी क्लेअर हिने मात्र स्वच्छ सांगितलं की बेब असता तर त्याने ॲरनला दाद दिली असती. गोऱ्या वृत्तपत्रांतल्या कित्येक पंडितांपेक्षा त्या बाईंनी जास्त मोठं मन दाखवलं.

१९७४ चा हंगाम ब्रेव्ह्जनी सिनसिनाटीत सुरू करायचा होता. घरच्या मैदानावर विक्रम व्हावा म्हणून संघमालकांना ॲरनला तिथे बसवून ठेवायचं होतं. बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांनी फर्मान काढलं की तीनपैकी दोन सामने त्याला खेळवलंच पाहिजे. पहिला सामना ४ एप्रिलला, किंगच्या हत्येला बरोबर सहा वर्षं होत होती. खेळ सुरू होण्यापूर्वी एक मिनिट स्तब्धता पाळावी, एवढीच ॲरनची विनंती होती. ती मान्य झाली नाही. तो बॅटिंगला आला, जॅक बिलिंगहॅमचा चेंडू आला आणि हंगामातल्या पहिल्याच फटक्यावर चेंडू कुंपणापार. ७१४. रूथशी बरोबरी झाली.

मॅनेजर एडी मॅथ्यूज हा ॲरनचा जुना सोबती. दोघांनी एकाच संघातून खेळताना मिळून ८६३ होमरन मारले होते. त्याने पुढच्या सामन्यात ॲरनला विश्रांती दिली आणि तिसऱ्यातही देणार होता, पण कूननी दटावलं. तिसऱ्या सामन्यात ॲरन खेळला, दोनदा चुकला आणि संघ अटलांटाला परतला.

८ एप्रिल, सोमवार. थंडगार वाऱ्याची, भुरभुर पावसाची रात्र. प्रेक्षक ५३,७७५. अटलांटाच्या त्या स्टेडियममध्ये बेसबॉलला एवढी गर्दी तोवर झाली नव्हती. पर्ल बेलीने राष्ट्रगीत गायलं, जॉर्जियाचे गव्हर्नर जिमी कार्टर हजर होते, हर्बर्ट ॲरन यांच्या हातून पहिला चेंडू टाकून घेण्यात आला. कमिशनर कून आले नव्हते. क्लीव्हलंडमध्ये त्यांचा दुसरा कार्यक्रम होता. त्यांनी आपला प्रतिनिधी म्हणून मॉन्टी अर्विनला पाठवलं आणि कूनचं नाव निघताच स्टेडियमने हुर्यो उडवली. ती हुर्यो योग्यच होती, असं मला आजही वाटतं. खेळाचा सर्वोच्च अधिकारी त्या रात्री दुसरीकडे असूच कसा शकतो?

समोर लॉस एंजेलिस डॉजर्स. पिचर अल डाउनिंग, तोही कृष्णवर्णीय, त्याच्याही पाठीवर ४४. दुसऱ्या इनिंगमध्ये त्याने ॲरनला मारण्याजोगा चेंडूच दिला नाही. ॲरनला चालत पहिला बेस मिळाला, पुढे त्याने धाव पूर्ण केली आणि नॅशनल लीगमधला सर्वाधिक धावांचा विली मेझचा विक्रम मोडला. त्याकडे फारसं कोणाचं लक्षही गेलं नाही. सगळे वाट पाहत होते चौथ्या इनिंगची.

डॅरेल एव्हान्स पहिल्या बेसवर होता, बॅटिंगला ॲरन, त्याच्यानंतरची पाळी डस्टी बेकरची. डाउनिंगचा पहिला चेंडू जमिनीवर आदळला. दुसरा सरळ आला. ॲरनची बॅट फिरली, त्या रात्रीत पहिल्यांदाच. घड्याळात ९ वाजून ७ मिनिटं झाली होती. चेंडू डावीकडे उंच गेला, डॉजर्सचा बिल बकनर धावत जाऊन कुंपणावर चढला, पण चेंडू त्याच्या पलीकडे ब्रेव्ह्जच्या बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेत, गेला होता. तिथे उभ्या असलेल्या टॉम हाउस या राखीव पिचरने तो अलगद झेलला आणि तो हातात धरून मैदानभर पळत सुटला.

ॲरन मान खाली घालून बेसमागून बेस ओलांडत होता. दुसरा बेस मागे टाकला आणि गॅलरीतून उड्या मारून दोन गोरी पोरं त्याच्यामागे धावत आली. दोघेही सतरा वर्षांचे. वॉर्डलॉचा हात पिस्तुलावर गेला. झाडायचं की थांबायचं, हे ठरवायला त्याच्याकडे एक-दोन क्षण होते. पोरांनी ॲरनच्या पाठीवर थाप मारली, दोन पावलं बरोबर धावली आणि निघून गेली. वॉर्डलॉने पिस्तूल काढलं नाही. त्या माणसाचा संयमही या विक्रमाचा भाग आहे, असं मी मानतो.

होम प्लेटवर सहकाऱ्यांचा गराडा पडला आणि त्यातून वाट काढत त्याची आई एस्टेला आली. तिने लेकाला अशी मिठी मारली की त्याला तिच्या ताकदीचं आश्चर्य वाटलं. आनंद होताच, पण आभाळात फुटणाऱ्या दारूकामाचे आवाज तिला गोळीबारासारखे वाटत होते. मारायचंच असेल तर आधी मला मारा, म्हणून तिने त्याला झाकून घेतलं होतं. डॉजर्सचे समालोचक विन स्कली माइकपासून बाजूला झाले आणि बराच वेळ फक्त गर्दीचा गजर ऐकवत राहिले. मग ते म्हणाले की बेसबॉलच्या दैवताचा विक्रम मोडणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसासाठी दक्षिणेच्या काळजात लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत. ॲरनच्या हाती ध्वनिवर्धक दिला, तेव्हा तो एवढंच म्हणाला की देवाची कृपा, संपलं एकदाचं.

विक्रम करणारा खेळाडू सुटकेचा निःश्वास टाकतो, हसत नाही. पुढे त्याने अनेकदा सांगितलं की ज्या दोन वर्षांत आपण सर्वांत सुखी असायला हवं होतं, त्याच वर्षांनी आपल्याकडून बेसबॉलचा आनंद हिरावून घेतला. सामना ब्रेव्ह्जनी ७-४ ने जिंकला, पण तोवर निम्मं स्टेडियम घरी गेलं होतं.

ॲरनने रूथपेक्षा कितीतरी जास्त वेळा बॅटिंग केली, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तो खराही आहे. रूथच्या नावावर ८,३९९ वेळांची नोंद, ॲरनच्या नावावर अखेर १२,३६४. शिवाय रूथची सुरुवातीची वर्षं पिचर म्हणून गेली. पण तेवीस वर्षं शरीर आणि मन शाबूत ठेवून उभं राहणं ही कसोटी दुय्यम कशी? आणि रूथला ज्या पिचरांना तोंड द्यावं लागलं नाही, ते सॅचेल पेजसारखे कृष्णवर्णीय दिग्गज निराळ्या लीगमध्ये धुळीत खेळत होते, हे या हिशेबात कोण धरतं? पेज तर ॲरनच्याच मोबीलचा.

शेवटची दोन वर्षं ॲरन मिलवॉकीला परतून ब्रुअर्सकडून खेळला आणि २० जुलै १९७६ ला ७५५ वा, शेवटचा होमरन मारून थांबला. १९८२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, ९७.८ टक्के मतांनी. ७ ऑगस्ट २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत बॅरी बाँड्सने ७५६ वा होमरन मारला, तेव्हा ॲरनने ध्वनिचित्रफितीतून त्याचं अभिनंदन केलं. बाँड्सची कारकीर्द उत्तेजक औषधांच्या प्रकरणाने डागाळलेली होती आणि त्याला हॉल ऑफ फेममध्ये आजवर प्रवेश मिळालेला नाही. ॲरनने मात्र त्याच्याबद्दल कडवट शब्द काढला नाही.

ती धमकीची पत्रं त्याने जपून ठेवली होती. २०१४ मध्ये, त्या रात्रीला चाळीस वर्षं झाली तेव्हा, त्याने एका मुलाखतीत ते सांगितलं आणि देश वाटतो तितका बदललेला नाही, असं मत मांडलं. मुलाखत छापून आली आणि ब्रेव्ह्जच्या कचेरीत पुन्हा तशाच शिव्यांच्या पत्रांचा ढीग येऊन पडला.

२२ जानेवारी २०२१ रोजी ॲरन गेला, शहाऐंशीव्या वर्षी. होमरनच्या यादीत बाँड्सचे ७६२ त्याच्या वर आहेत. पण होमरनचे चार, तिसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्याचे तीन, असे सगळे बेस मोजले तर ॲरनचे होतात ६,८५६ आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या अल्बर्ट पुजोल्सचे ६,२११. त्याचे ७५५ होमरन पुसून टाकले तरी त्याच्या नावावर ३,०१६ यशस्वी फटके उरतात, आणि तीन हजारांचा तो टप्पा एकटासुद्धा महानांच्या रांगेत बसवायला पुरतो. एकूण बेसचा आणि फटक्यांवर मिळवून दिलेल्या २,२९७ धावांचा, असे दोन्ही विक्रम आजही हेन्री ॲरनच्याच नावावर आहेत.